विद्वानाची सही

जुन्या दिल्लीच्या दिल्ली दरवाज्यापासून दक्षिणेकडे निघणाऱ्या रस्त्याला बहादुरशाह जफर मार्ग असे नाव आहे. या एकाच रस्त्यावर भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीची वास्तू आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यालय आहे आणि मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या इमारतीही आहेत. विद्येचे मानकरी, विद्येवर देखरेख ठेवणारे आणि या दोघांवर नजर ठेवणारे असे तिघेजण इतक्या निकट शेजाराने राहतात. मंत्रालयेही तेथून फार दूर नाहीत. आजचा विषय या शेजाराविषयीचा आहे. राज्यकर्ता विद्वानाकडे सल्ला मागतो, विद्वान तो देतो आणि त्याखाली आपली सही करतो. त्या सहीला किंमत कशामुळे येते आणि ती कशाने जाते, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

राज्यकारभारात तज्ज्ञांची गरज पूर्वीही होती. पण आजच्याइतकी ती कधीच नव्हती. पूर्वी राजाला धर्मनिर्णय हवा असे, पंचांग हवे असे, फार तर किल्ल्याच्या तटाची मजबुती कोणाला तरी विचारावी लागे. आज औषधाचे गुणदोष, बियाण्याची निर्धोकता, धरणाचा पाया, हवेतील विष, अशा शेकडो बाबतींत सामान्य नागरिक तर सोडाच, पण मंत्रीही स्वतःच्या बुद्धीने निर्णय करू शकत नाही. म्हणून समिती नेमली जाते. समितीचा अहवाल येतो. अहवाल बहुधा कोणी वाचत नाही. त्याखालच्या सह्या मात्र सगळे वाचतात. ‘अमुक अमुक शास्त्रज्ञ म्हणतात ना, मग ते खरे असले पाहिजे’ असे म्हणून आपण निश्चिंत होतो. हा आपला आळस नव्हे. ज्याची परीक्षा आपल्याला करता येत नाही, त्याविषयी विश्वास ठेवण्याखेरीज आपल्यापुढे दुसरा मार्गच नसतो. आंधळा माणूस सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवून चालतो, तसा हा विश्वास आहे.

सही म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांना चांगले समजत होते. मराठेशाहीतील जुने महजर ज्यांनी पाहिले असतील त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. वतनाचा तंटा असो की शिवेचा, गोतसभा बसे, दोन्ही बाजू ऐके, निवाडा होई आणि त्या कागदावर जमलेल्या मंडळींच्या निशाण्या होत. लिहिता न येणारा कुणबी नांगर काढी, सुतार आपली वाकस काढी, न्हावी आरसा काढी. ज्याने आपले पोट भरते ते हत्यारच जणू तो माणूस त्या कागदापाशी तारण ठेवी. ‘हे मी पाहिले आहे, मी ऐकले आहे, आणि हे खोटे ठरले तर माझी अब्रू गेली’ असा त्या चिन्हाचा अर्थ असे. दुसऱ्याने पाहिलेल्या शिवेबद्दल आपला नांगर काढून देणे ही त्या माणसाच्या दृष्टीने साधी चूक ठरली नसती. तो गोताचा विश्वासघात ठरला असता.

आता आपल्या काळातील एक प्रकरण पाहू. भारतीय पेटंट कायद्यात २००५ साली महत्त्वाची दुरुस्ती झाली. त्या वेळी संसदेत दोन प्रश्न उपस्थित झाले. औषधाचे पेटंट केवळ अगदी नव्या रासायनिक द्रव्यालाच द्यावे, असे बंधन घातले तर ते जागतिक व्यापार संघटनेच्या करारात बसेल काय? आणि सूक्ष्म जीवांना पेटंटातून वगळता येईल काय? प्रश्न वरकरणी रूक्ष वाटतात. पण त्यांच्या उत्तरावर औषधांच्या किमती अवलंबून होत्या. रक्ताच्या एका कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाचेच उदाहरण घ्या. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये, आणि तेच औषध भारतीय कारखानदार आठ-दहा हजारांत देत, असे त्या काळात सर्वत्र सांगितले जात होते. जुन्याच द्रव्याच्या नव्या रूपाला पेटंट द्यावयाचे की नाही, यावरचा तो खटला पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीच्या विरुद्ध निकाल लागला. समितीपुढचे प्रश्न या खटल्यातील प्रश्नाहून काहीसे निराळे होते. तरी पेटंटाची शीव कोठे आखावयाची हाच दोहोंचा गाभा होता.

या दोन प्रश्नांचा विचार करण्यासाठी सरकारने पाच विद्वानांची तज्ज्ञ समिती नेमली. अध्यक्ष होते डॉ. रघुनाथ माशेलकर. मराठी माणसाला या नावाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे ते महासंचालक होते. जखमेवर हळद लावण्याच्या आपल्या घरगुती उपचारावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले, तेव्हा त्याला हरकत घेऊन १९९७ साली ते रद्द करवून घेणारी संस्था हीच. म्हणजे पेटंटाच्या अन्यायाविरुद्ध झगडलेल्या माणसाकडेच हे काम आले होते. सदस्यही तोलामोलाचे होते. गोवर्धन मेहता आणि आशिष दत्ता हे नामांकित शास्त्रज्ञ. माधव मेनन आणि मूलचंद शर्मा हे विधिक्षेत्रातील जाणकार. समितीने डिसेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते: असे बंधन घातल्यास ते आंतरराष्ट्रीय कराराशी विसंगत ठरेल.

दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, एका इंग्रजी वर्तमानपत्रातील लेखाने दाखवून दिले की या निष्कर्षाच्या भागातील मजकूर जवळजवळ शब्दशः अन्यत्र आलेला आहे. तो होता शामनाद बशीर या कायदेपंडिताने ब्रिटनमधील एका बौद्धिक संपदाविषयक संस्थेसाठी केलेल्या अभ्यासात. त्या अभ्यासाला औषधकंपन्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेचे अर्थसाह्य होते. बशीर यांचा यात काही दोष नव्हता. त्यांचा अभ्यास इतर निवेदनांप्रमाणेच समितीपुढे आलेला होता. डॉ. माशेलकरांनी अहवाल परत घेतला. मसुदा उपसमितीने तयार केला होता, आणि त्यात तांत्रिक स्वरूपाची चूक राहून गेली, असा खुलासा झाला. सुधारलेला अहवाल २००९ साली सादर झाला, सरकारने तो स्वीकारला. उचललेल्या वाक्यांचा दोष निघाला. निष्कर्ष मात्र तोच राहिला.

येथे कोणी म्हणेल, निष्कर्ष जर तोच राहिला, तर मग बिघडले काय? अवतरणचिन्हे राहून गेली, ती नंतर घातली, प्रकरण मिटले. हा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे, आणि म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. समजा, न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकालपत्रात वादीच्या वकिलाच्या निवेदनातील परिच्छेद जसेच्या तसे उतरवले. निकाल कदाचित बरोबरही असेल. पण प्रतिवादीला त्या निकालाविषयी काय वाटेल? आपली बाजू कोणी तोलून पाहिलीच नाही, असेच त्याला वाटेल. आणि ते वाटणे चुकीचे आहे हे त्याला पटवून देण्याचे कोणतेही साधन न्यायाधीशापाशी उरलेले नसेल. देशाने पाच विद्वानांना विचार करावयास सांगितले होते. हाती आला तो दुसऱ्याचा विचार. आणि त्या विचारामागे ज्यांचा पैसा होता त्यांचा या प्रश्नात उघड स्वार्थ होता. कोणी हे जाणूनबुजून केले, असे म्हणण्यास आधार नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. परंतु विश्वास हा हेतूवर जितका उभा असतो तितकाच तो काळजीवरही उभा असतो. मुद्दाम विष घालणारा वैद्य आणि बाटलीवरची चिठ्ठी न वाचता औषध देणारा वैद्य, यांच्यात नीतीच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. रोग्याच्या दृष्टीने मात्र ते फारसे नाही.

एवढ्यावर हा प्रकार थांबला असता, तर अपवाद म्हणून तो सोडून देता आला असता. पण तीनच वर्षांनी दुसरा प्रसंग आला. बीटी वांग्याच्या लागवडीला केंद्रीय मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी संमती दिली. हे वांगे आपल्या जालन्याच्या महिको कंपनीचे. लोकांत मोठी खळबळ झाली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशात सात ठिकाणी जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांतली एक नागपूरला झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी या वांग्याला स्थगिती दिली, आणि देशातील सहा सर्वोच्च अकादमींचे मत मागवले. विज्ञानाच्या तीन, आणि शेती, अभियांत्रिकी व वैद्यक यांची प्रत्येकी एक. यांतील बहुतेकींची कार्यालये दिल्लीत होती. देशातील विद्येचे याहून वरचे न्यायासन नाही. शेकडो अधिछात्रांची पुण्याई त्या सहा नावांमागे उभी होती.

सप्टेंबर २०१० मध्ये अहवाल आला. मर्यादित लागवडीस अनुमती द्यावी, असे त्यात म्हटले होते. आणि थोड्याच दिवसांत उघड झाले की त्यातील काही भाग जैवतंत्रज्ञानाच्या प्रसारासाठी निघणाऱ्या एका सरकारी पत्रिकेतील लेखातून शब्दशः उचललेला आहे. आणि तो लेखही या पिकाचा पुरस्कार करणाऱ्या, दिल्लीतीलच एका शास्त्रज्ञाचा होता. अहवालात संदर्भही दिलेले नव्हते. मंत्र्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. अकादमींनी खेद प्रकट केला आणि वर्ष संपण्यापूर्वी सुधारित अहवाल काढला. याही वेळी शिफारस मुख्यतः तीच राहिली.

बीटी वांगे चांगले की वाईट, हा आजच्या भाषणाचा विषय नाही. शिफारस शास्त्रदृष्ट्या अगदी निर्दोष होती, असे क्षणभर गृहीत धरू. तरीही त्या दिवसापासून कोणत्याही शेतकऱ्याला, ‘अकादमींनी हे तपासले आहे, तू निःशंक राहा’ असे सांगण्याची सोय उरली नाही. ज्यांचा त्या तंत्रज्ञानाला विरोध होता त्यांना एक कायमचे उत्तर मिळाले, आणि ज्यांचा पाठिंबा होता त्यांचा सर्वांत मोठा आधार नाहीसा झाला. खोटे बोलणाऱ्याचे खरेही लोक खोटे धरतात. बेफिकिरीने खरे बोलणाऱ्याचीही गत तीच होते.

तिसरे उदाहरण विदर्भाच्या जिव्हाळ्याचे आहे. खाजगी कंपन्यांचे बीटी कापसाचे बियाणे संकरित. ते दर वर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. सरकारी शास्त्रज्ञांनी एक सरळ वाण तयार केले, ज्याचे बी शेतकऱ्याला घरी राखून पुन्हा पेरता येईल. बिकानेरी नरमा या जुन्या वाणावरून त्याला बिकानेरी नरमा बीटी असे नाव दिले. धारवाडचे कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि दिल्लीच्या पुसा परिसरातील जैवतंत्रज्ञान केंद्र, अशा तिघांचे ते काम होते. २००८ साली त्याला मान्यता मिळाली, पुढच्या हंगामात बी शेतकऱ्यांच्या हाती आले, आणि मग ते गुपचूप मागे घेतले गेले. त्या बियाण्यात मॉन्सँटो कंपनीचाच जनुक आढळला होता. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. २०१२ च्या अखेरीस आलेल्या त्या चौकशीच्या अहवालाने हे दुखणे कागदोपत्री पक्के केले. वऱ्हाडातील ज्या कास्तकाराने ‘हे आपले, सरकारचे, स्वस्त बियाणे’ म्हणून आशेने पाहिले, त्याची आशा कोणी भरून दिली? वंशाची परीक्षा न करता ज्यांनी बियाण्यावर आपले नाव घातले, त्यांनी तोट्यात घातला तो केवळ आपला लौकिक नव्हता.

ही सगळी माणसे अप्रामाणिक होती काय? मला तसे वाटत नाही. दिल्लीत समित्यांचे काम कसे चालते हे पाहिले म्हणजे बराच उलगडा होतो. एकेक नामवंत विद्वान अनेक समित्यांवर असतो. तो सकाळच्या विमानाने येतो आणि संध्याकाळच्या विमानाने परततो. दोन-तीन बैठका होतात. मग मसुदा करण्याचे काम एखाद्या उपसमितीकडे किंवा चिटणिसाकडे जाते. तोही कामाने गांजलेला असतो. समोर पडलेल्या कागदांतून तो सोयीचे परिच्छेद जुळवतो. मुदत संपत आलेली असते. मसुदा सदस्यांकडे जातो तेव्हा प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने तो वाचला असेल. शेवटी पाच जणांच्या सह्या होतात. ज्याचे डोळे त्या ओळींवरून खरोखर फिरले असा एकही माणूस त्यांत कदाचित नसतो. गोतसभेत निदान सगळे एका वडाखाली बसत आणि शीव पायांनी चालून पाहत.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे भीड. सहकाऱ्याच्या मसुद्यावर शंका काढणे आपल्याकडे उद्धटपणाचे लक्षण समजले जाते. जो फार प्रश्न विचारतो त्याचे नाव पुढच्या समितीच्या यादीत नसते, हेही सर्वांना ठाऊक असते. सत्तेच्या दारातील मान हा विद्वानाला पैशापेक्षाही मोहक वाटतो, कारण तो लाच आहे असे त्याला कधी वाटतच नाही.

आणि तरीही ही भीड मोडता येते, याचा दाखला याच दिल्लीत आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी, १९५५ साली, नियोजन आयोगाने अर्थशास्त्रज्ञांचे एक मंडळ बसवले होते. तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख त्याचे अध्यक्ष होते, आणि धनंजयराव गाडगीळांसारखे पंडित त्यात होते. वीसएक नामवंतांनी आराखड्याला अनुकूल मत दिले. अहमदाबादचे प्राध्यापक बी. आर. शेणॉय या एकट्याने सही करण्याचे नाकारले, आणि तुटीच्या अर्थभरणाविरुद्ध आपली भिन्नमतपत्रिका लिहून दिली. ती दडपली गेली नाही. सरकारी कागदपत्रांत ती छापली गेली. शेणॉय बरोबर होते की बाकीचे, यावर अर्थशास्त्रज्ञ आजही वाद घालतात. आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट निराळी आहे. त्या एका नकारामुळे उरलेल्यांच्या सह्यांचीही किंमत वाढली. जेथे नाही म्हणता येते, तेथेच हो म्हणण्याला अर्थ असतो. मतभेद छापण्याइतके मोठे मन त्या वेळच्या सरकारपाशी होते, आणि वेगळे पडण्याइतके धैर्य एका प्राध्यापकापाशी होते. या दोहोंच्या भेटीतूनच लोकांच्या विश्वासाची जागा तयार होते.

आज याबाबतीत आपण एक विचित्र विषमता निर्माण केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर प्रबंध सुधारून द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्के असेल तर वर्षभर तो देताच येत नाही. आणि साठ टक्क्यांच्या वर गेले तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. नियम योग्य आहेत. पण ज्याच्या प्रबंधाचे बहुधा तीन-चार वाचक असतात अशा कोवळ्या संशोधकाची आपण अशी टक्क्यांनी मोजदाद करतो. आणि ज्या अहवालावर कोट्यवधी रोग्यांची औषधे किंवा लक्षावधी शेतकऱ्यांची बियाणी अवलंबून असतात, त्याच्यासाठी असे कोणतेही माप आपण ठेवलेले नाही. पोराला छडी आणि वडीलधाऱ्याला सवलत, हा न्याय कोणत्याही घरात फार दिवस चालत नाही.

उपाय फार मोठे नाहीत. अहवालाचा कोणता भाग कोणी लिहिला हे त्यावर नमूद असावे. कोणत्या साधनांचा उपयोग केला, आणि त्या साधनांमागे कोणाचा पैसा होता, हे स्पष्ट सांगितलेले असावे. सदस्यांचे हितसंबंध आरंभीच जाहीर व्हावेत. भिन्नमत असल्यास ते त्याच पुठ्ठ्यात छापले जावे. आणि ज्याला वाचण्यास वेळ नाही त्याने समितीवर येण्यास नम्रपणे नकार द्यावा. अशा नकाराने विद्वानाचा मान कमी होत नाही. चूक झालीच तर अहवाल मागे घेण्यावर न थांबता, ती कशी झाली हे लोकांना सविस्तर सांगावे. डॉ. माशेलकरांनी अहवाल परत घेतला, अकादमींनी खेद व्यक्त केला, हे त्यांच्या श्रेयाचेच आहे. अनेक जण तेवढेही करीत नाहीत. परंतु कुंपण कोठे मोडले हे न दाखवता नुसते ते उभे केले, तर शेतकऱ्याची झोप परत येत नाही.

शेवटी श्रोत्यांना एक विनंती. अशी प्रकरणे ऐकली की मनात एक सोपा विचार येतो: हे सगळे असेच, कोणाचेच खरे मानू नये. हा विचार टाळला पाहिजे. विद्वानावरचा विश्वास उडाला म्हणून आपण स्वतः विद्वान होत नाही. आपण फक्त भोंदूच्या तावडीत सापडतो, कारण भोंदू कधीच शंका व्यक्त करीत नाही आणि त्याला कोणी संदर्भही विचारीत नाही. या तिन्ही प्रकरणांतील दोष कोणी उघड केले, तेही लक्षात ठेवावे. कोणी पत्रकार होते, कोणी कायद्याचे अभ्यासक होते, कोणी शास्त्रज्ञच होते. अहवाल हाती घेऊन, ओळीशी ओळ ताडून पाहणारी ती माणसे होती. विद्येची चूक विद्येनेच शोधून काढली.

म्हणून आपण विश्वास जरूर ठेवावा. पण वाचून, विचारून ठेवावा. पुढच्या वेळी एखाद्या अहवालाखाली मोठी नावे दिसली, तर आदराने एवढेच विचारावे: महाराज, ही शीव आपण स्वतः चालून पाहिली आहे ना? ज्याने पाहिली असेल त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही.